ई-कॅडहेरिन आणि बीटा-कॅटेनिन: को-आयपी करताना बँड कुठे हरवतो, कुठे फसवतो

ईजीटीए (कॅल्शियम धरून ठेवणारं द्रव्य) घातलं, एमडीसीके पेशी एकमेकींपासून सुट्या होऊन गोल झाल्या, सूक्ष्मदर्शकाखाली सगळं स्वच्छ दिसलं. मग ई-कॅडहेरिन (शेजारच्या पेशींना धरणारं प्रथिन) अँटीबॉडीने ओढून त्याला चिकटून काय येतं ते बघितलं, म्हणजे को-आयपी केली, ब्लॉट केला, तर बीटा-कॅटेनिनचा बँड जसाच्या तसा! इथे बहुतेक विद्यार्थी प्रयोग फसला असं ठरवतात आणि नवी अँटीबॉडी मागवतात.

फसलेलं काहीच नसतं. कॅल्शियम काढल्यावर सुटते ती शेजारच्या दोन पेशींच्या कॅडहेरिनमधली बाहेरची पकड. बीटा-कॅटेनिन मात्र कॅडहेरिनच्या आतल्या शेपटीला, प्रथिन अजून एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलममध्ये असतानाच, येऊन चिकटतं आणि या जोडीला कॅल्शियम लागत नाही. म्हणजे विचारला एक प्रश्न, मोजलं दुसरंच.

आवरण पेशींमधली चिकटण्याची आणि सरकण्याची प्रथिनं तपासताना होणाऱ्या चुका बहुतेक याच जातीच्या असतात, आणि त्या अँटीबॉडी घालण्याच्या आधीच घडून गेलेल्या असतात. म्हणून पुढे तयारीवर जास्त जागा खर्च केली आहे. ब्लॉट कसा करायचा ते तुम्हाला येतं असं धरलं आहे.

१. आधी कागदावर: नेमकी कोणती जोडणी बघायची?

ई-कॅडहेरिन पेशीच्या पडद्यातून आरपार जातं. बाहेर पाच गोलाकार भाग, त्यांच्या सांध्यांमध्ये कॅल्शियम. सर्वांत टोकाचा भाग शेजारच्या पेशीच्या कॅडहेरिनशी अडकतो. आत शेपटी. शेपटीवर पडद्याजवळच्या जागी पी-१२० कॅटेनिन बसतं, दूरच्या टोकाला बीटा-कॅटेनिन. बीटाला अल्फा-कॅटेनिन धरतं आणि अल्फा पेशीच्या सांगाड्यातल्या ॲक्टिनच्या दोऱ्यांना.

आता तुमचा प्रश्न यांपैकी कुठे बसतो ते लिहून काढा.

"पेशी एकमेकींना धरून आहेत का?" हा बाहेरच्या पकडीचा प्रश्न आहे. को-आयपी याचं उत्तर देत नाही. त्यासाठी ट्रिप्सिन-संरक्षण चाचणी (चौथ्या टप्प्याच्या शेवटी) किंवा फ्लुरोसन्स रंगवणी.

"फॉस्फोरिलेशनमुळे (प्रथिनावर फॉस्फेट बसल्यामुळे) बीटा-कॅटेनिन सुटतं का?" हा शेपटीचा प्रश्न. को-आयपी इथे योग्य.

"दोन पेशींमधला सांधा ॲक्टिनशी जोडलेला आहे का?" याचं निम्मं उत्तर पेलेटमध्ये (फोडलेल्या पेशींच्या तळाशी बसणाऱ्या गाळात) असतं, ज्याला आपण सरळ कचऱ्यात टाकतो. त्याकडे पाचव्या टप्प्यात येऊ.

*तपासा:* वहीत एक वाक्य लिहा: "मी अमुक आणि तमुक यांची जोडणी, अमुक बदलानंतर, वाढते की कमी होते ते बघतो आहे." हे वाक्य जमत नसेल तर प्लेटला हात लावू नका.

२. पेशी: तीन दिवस आधी

एमडीसीके-२ पेशी सोप्या आणि टिकाऊ. मानवी पेशी हव्या असतील तर एमसीएफ-७ किंवा ए-४३१ घ्या. दोन्हींत ई-कॅडहेरिन भरपूर. नकारात्मक नियंत्रण म्हणून एमडीए-एमबी-२३१ ठेवा, त्यांत ई-कॅडहेरिन बनतच नाही. हेला पेशी या कामाला घेऊ नका. त्यांच्यात मुख्यतः एन-कॅडहेरिन असतं, आणि "ई-कॅडहेरिनचा बँड येत नाही" म्हणून आठवडा घालवलेले लोक मी पाहिले आहेत.

अँटीबॉडी मागवण्याआधी प्राणी बघा. एमडीसीके कुत्र्याच्या मूत्रपिंडातल्या पेशी आहेत. एचईसीडी-१ ही लोकप्रिय अँटीबॉडी मानवी ई-कॅडहेरिन ओळखते, कुत्र्याचं नाही. एमडीसीकेसाठी आरआर-१ किंवा डेक्मा-१ बघा.

पेशी १० सेंटिमीटरच्या डिशमध्ये २० ते ३० लाख पेरा आणि पूर्ण भरू द्या. भरल्यावर आणखी एक दिवस थांबा. हा एक दिवस वाचवण्याचा मोह सगळ्यांना होतो. ७० टक्के भरलेल्या डिशमध्ये पेशींना शेजारीच कमी असतात; तिथे सांधे कच्चे, आणि दोन डिशमधला घनतेचा फरक तुमच्या औषधाच्या परिणामापेक्षा मोठा निघतो. एकाच प्रयोगातल्या सगळ्या डिश एकाच दिवशी, एकाच फ्लास्कमधून, मोजून पेरा. डोळ्यांनी अंदाज नको.

आणखी एक. ट्रिप्सिन-ईडीटीएने पेशी काढताना ई-कॅडहेरिनचा बाहेरचा भागच कापला जातो. पेरल्यावर चोवीस तासांच्या आत त्याच पेशींवर कॅडहेरिनचा प्रयोग केलात, तर पृष्ठभागावरचं प्रथिन अजून भरून येत असतं.

*सावध:* मायकोप्लाझ्माची चाचणी महिन्याला एकदा. पेशी-भांडारातून, पुण्याच्या एनसीसीएसमधून किंवा अन्य कुठून, पेशी आल्या की लगेच आठ-दहा वायल गोठवा आणि प्रयोग कमी पॅसेजवर करा. शेजारच्या लॅबमधून "थोड्या पेशी" आणल्या असतील तर चाचणी आधी, प्रयोग नंतर.

३. बफर: आदल्या दिवशी

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, कारण फ्रीजमध्ये कुणीतरी केलेला "आयपी बफर" तयार असतो आणि आपण तोच उचलतो. त्या बाटलीत काय आहे ते कुणालाच ठाऊक नसतं.

लायसिस बफर (पेशी फोडण्याचा): ट्रिस ५० मिलिमोलर, पीएच ७.४, सोडियम क्लोराइड १५० मिलिमोलर, ट्रायटन एक्स-१०० १ टक्का, ग्लिसरॉल १० टक्के. इतकं आदल्या दिवशी करून ४ °से. वर ठेवा. प्रोटिएज (प्रथिनं कापणारी) आणि फॉस्फटेज (फॉस्फेट काढणारी) विकरं रोखणारी द्रव्यं प्रयोगाच्या दिवशी, वापरण्याच्या पंधरा मिनिटं आधी.

आता कॅल्शियम आणि ईडीटीए. तुमची आयपीची (प्रथिन ओढून काढण्याची) अँटीबॉडी कॅडहेरिनच्या बाहेरच्या भागाला धरणारी असेल तर बफरमध्ये १ मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइड ठेवा. कॅल्शियम गेलं की बाहेरच्या भागाची ताठ रचना ढिली पडते आणि रचना ओळखणारी अँटीबॉडी मग नीट धरत नाही. अशा वेळी प्रोटिएज रोखणारी गोळी ईडीटीए-विरहित घ्यावी लागते. पण कॅल्शियम असलं की कॅल्पेन नावाची प्रोटिएज जागी होते, म्हणून ल्युपेप्टिन किंवा ई-६४ त्या मिश्रणात आहे ना, ते लेबलवर वाचा. अँटीबॉडी शेपटीची किंवा बीटा-कॅटेनिनची असेल तर कॅल्शियम नसलं तरी चालतं.

*सावध:* कॅल्शियम असलेल्या बफरमध्ये सोडियम फ्लोराइड घालू नका. कॅल्शियम फ्लोराइडचा पांढरा साका खाली बसतो. कॅल्शियम गेलंच, शिवाय फ्लोराइडही घटलं. त्याऐवजी बीटा-ग्लिसरोफॉस्फेट २५ मिलिमोलर वापरा. टायरोसिन फॉस्फटेजसाठी सोडियम ऑर्थोव्हॅनाडेट १ मिलिमोलर, पण ते आधी पीएच १० ला आणून, रंगहीन होईपर्यंत उकळून "जागं" केलेलं हवं. ईडीटीए आणि डीटीटी दोन्ही व्हॅनाडेटला निकामी करतात. ईडीटीए बाहेर ठेवायला हे दुसरं कारण.

फॉस्फटेजकडे इतकं लक्ष का, हा प्रश्न रास्त आहे. बीटा-कॅटेनिनच्या ६५४ व्या टायरोसिनवर फॉस्फेट बसलं की कॅडहेरिनशी पकड ढिली होते. उलट कॅडहेरिनच्या शेपटीतल्या सेरिनांवर फॉस्फेट असलं की ती घट्ट होते. लायसेटमध्ये (फोडलेल्या पेशींच्या द्रवात) फॉस्फटेज मोकाट सुटली तर पेशीत जे होतं ते ट्यूबमध्ये उरत नाही, आणि तुम्ही मोजता ते बर्फावरच्या दोन तासांत काय घडलं ते.

पीएमएसएफ हे प्रोटिएज-रोधक पाण्यात फार टिकत नाही. बफरमध्ये घातल्यावर काही तासांत बहुतेक संपतं. आयसोप्रोपॅनॉलमधला साठा ठेवा, ऐन वेळी घाला, आणि हातमोजे घाला.

डीटीटी किंवा बीटा-मर्कॅप्टोइथेनॉल लायसिस बफरमध्ये नको. त्यांनी अँटीबॉडीच सुटी होते. रिपा बफरही (त्यात एसडीएस हे कडक डिटर्जंट असतं) पहिल्या प्रयत्नात टाळा. बीटा-कॅटेनिन त्यात तग धरतं, पण पी-१२० आणि ॲक्टिनकडची बांधणी नाजूक असते, ती एसडीएसमध्ये टिकेलच असं नाही.

४. कॅल्शियम-बदल

१) डीएमईएम या वाढीच्या माध्यमात साधारण १.८ मिलिमोलर कॅल्शियम असतं. त्यात ईजीटीए ४ मिलिमोलर होईल इतकं घाला, ३७ °से., ३० मिनिटं.

२) दहा-दहा मिनिटांनी सूक्ष्मदर्शकाखाली बघा. पेशींमधल्या रेषा उजळतात, मग पेशी आकसतात. पण तळ सोडता कामा नये. तळाशी धरणारी इंटेग्रिनं मॅग्नेशियमवर बरीच निभावून नेतात, म्हणून ईजीटीएमध्ये पेशी बसून राहतात. ईडीटीए मॅग्नेशियमही ओढतं आणि पेशी तरंगू लागतात. लेबल नीट वाचा, एका अक्षराचा फरक आहे.

३) ईजीटीए काढा, कॅल्शियम असलेल्या माध्यमाने दोनदा हळुवार धुवा, ताजं माध्यम घाला. ० मिनिटं, ३० मिनिटं, १ तास, २ तास, ४ तास असे नमुने घ्या.

*सावध:* ईजीटीए कॅल्शियम धरताना प्रोटॉन सोडतं, त्यामुळे माध्यम पिवळट होतं. पीएच उतरल्याचा परिणाम कॅल्शियमच्या नावावर जमा होऊ नये म्हणून २० मिलिमोलर हेपेस (पीएच स्थिर ठेवणारं द्रव्य) घाला आणि पीएच ७.४ ला आणूनच माध्यम वापरा. नियंत्रण डिशलाही तेच हेपेस.

वेळापत्रक उलटं आखा. चार तासांची डिश सगळ्यात आधी ईजीटीएत घाला, शून्य मिनिटांची सगळ्यात शेवटी, म्हणजे सगळ्या डिश एकाच वेळी फुटतील. शून्यपासून सुरुवात करून प्रत्येक डिश वेगवेगळ्या वेळी फोडली, तर पहिला लायसेट चार तास बर्फावर कुजत बसतो.

बाहेरची पकड मोजायची असेल तर इथेच दोन जास्तीच्या डिश ठेवा. एका डिशला कॅल्शियमसह (२ मिलिमोलर) ०.०१ टक्का ट्रिप्सिन, दुसरीला ईजीटीएसह तेवढंच, ३७ °से. वर ३० मिनिटं; मग सोयाबीन ट्रिप्सिन-रोधकाने थांबवा आणि सगळं गोळा करा. कॅल्शियम असताना पृष्ठभागावरचं कॅडहेरिन वाचतं, नसताना कापलं जातं. ईजीटीएच्या डिशमध्ये उरलेला पूर्ण लांबीचा बँड म्हणजे पेशीच्या आत गेलेलं कॅडहेरिन. ईजीटीएनंतर हा आतला वाटा वाढतो, आणि सुरुवातीच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथे मिळतं.

५. पेशी फोडणं, आणि पेलेट न फेकणं

डिश बर्फावर. थंड टीबीएसने (ट्रिसचं खारट द्रावण) दोनदा धुवा. त्यात १ मिलिमोलर कॅल्शियम असू द्या, मात्र ईजीटीएच्या शून्य मिनिटांच्या डिशला कॅल्शियम नको. पीबीएसमध्ये (फॉस्फेटचं खारट द्रावण) कॅल्शियम चालतं, पण घट्ट साठ्यात ते फॉस्फेटबरोबर खाली बसतं, म्हणून मी टीबीएस वापरतो. धुणं पूर्ण शोषून घ्या; डिश तिरपी धरून शेवटचा थेंबही. उरलेले तीनशे मायक्रोलिटर तुमचा बफर बराच पातळ करतात.

१० सेंटिमीटरच्या डिशला ५०० मायक्रोलिटर थंड लायसिस बफर, १५ मिनिटं बर्फावर, मग स्क्रॅपर. सोनिकेटर नको. ४ °से. वर १४,००० जी, १५ मिनिटं.

मे महिन्यात विदर्भ-मराठवाड्याच्या लॅबमध्ये बर्फाची पेटी अर्ध्या तासात पाणी होते. बर्फात थोडं पाणी घालून ट्यूब बुडेल असं ठेवा; पाणी न घातलेल्या बर्फाच्या ढिगात ट्यूब अधांतरी राहते आणि थंड होत नाही.

आता पेलेट. ॲक्टिनशी घट्ट जोडलेलं कॅडहेरिन ट्रायटनमध्ये विरघळत नाही, ते पेलेटमध्ये जातं. सांधा जितका पक्का, तितकं जास्त. म्हणजे चार तासांच्या नमुन्यात वरच्या द्रवातलं कॅडहेरिन कमी दिसू शकतं, कारण ते पेशीच्या सांध्यात जाऊन बसलेलं असतं! पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी पाच महिने "सांधे जुळताना कॅडहेरिन घटतं" असं समजत होतो. पेलेट रोज न चुकता फेकत होतो.

पेलेटला तेवढ्याच आकारमानाचा १ टक्का एसडीएसचा बफर घाला, ९५ °से., ५ मिनिटं, डीएनए तोडायला बारीक सुईतून दहा वेळा ओढा, आणि जपून ठेवा. त्यातून को-आयपी होत नाही, पण वरचा द्रव आणि पेलेट शेजारी शेजारी ब्लॉट केले की वाटणी कळते.

*तपासा:* प्रथिन मोजायला बीसीए चाचणी वापरा. १ टक्का ट्रायटनमध्ये साधी ब्रॅडफोर्ड चाचणी खोटं निळं दाखवते.

६. ओढून काढणं

बीड्स (अँटीबॉडी धरणारे बारीक मणी, प्रोटीन-ए किंवा प्रोटीन-जी लावलेले) निवडताना अँटीबॉडीचा प्राणी बघा. डेक्मा-१ उंदराची नाही, रॅटची आहे, आणि रॅटच्या अँटीबॉडी प्रोटीन-ए ला फार कमी चिकटतात. प्रोटीन-जी घ्या. माऊस आयजीजी-१ साठीही तेच. सशाच्या अँटीबॉडीला प्रोटीन-ए चांगलं.

शक्य असेल तर आयपीसाठी बाहेरच्या भागाची अँटीबॉडी आणि ब्लॉटसाठी शेपटीची. शेपटीच्या अँटीबॉडीने आयपी केली आणि तिची जागा बीटा-कॅटेनिनच्या जागेवरच पडली, तर तुम्ही निवडून मोकळं कॅडहेरिनच ओढता. मग "जोडणी नाही" असा निष्कर्ष निघतो, आणि तो अँटीबॉडीने घडवलेला असतो.

१) प्रत्येक नमुन्यातून सारखं प्रथिन, ५०० मायक्रोग्रॅम ते १ मिलिग्रॅम, सारख्याच आकारमानात. त्याआधी ५ टक्के बाजूला काढा; ते "इनपुट".

२) २० मायक्रोलिटर मोकळे बीड्स घालून ४५ मिनिटं फिरवा, बीड्स टाका. आपोआप चिकटणारं इथे निघून जातं.

३) अँटीबॉडी १ ते २ मायक्रोग्रॅम. दुसऱ्या ट्यूबमध्ये त्याच प्राण्याची, त्याच प्रकारची, तेवढीच सामान्य आयजीजी (ई-कॅडहेरिन न ओळखणारी अँटीबॉडी). ४ °से., २ तास. रात्रभर ठेवण्याची सवय आहे खरी, पण नाजूक जोड्या तेवढ्या वेळात सुटू शकतात.

४) ३० मायक्रोलिटर प्रोटीन-जी बीड्स, आणखी १ तास. बीड्स उचलताना टिपचं टोक कापा आणि दर वेळी बाटली हलवा, नाहीतर पहिल्या ट्यूबमध्ये पाणी आणि शेवटच्या ट्यूबमध्ये गाळ.

५) न धरलेला द्रवही ठेवा. अँटीबॉडीने कॅडहेरिन संपवलं की नाही ते त्यातूनच कळतं.

पी-१२० सारखी नाजूक जोडी सुटत असेल तर पेशी फोडण्याआधी डीएसपी (शेजारची प्रथिनं एकमेकांना बांधणारं द्रव्य) १ मिलिमोलर, ३० मिनिटं. डीएसपी ऐन वेळी डीएमएसओमध्ये विरघळवा, त्या वेळी ट्रिसचा बफर वापरू नका (ट्रिसच ते खाऊन टाकतं, त्यामुळे थांबवायला मात्र ट्रिसच उत्तम). डीटीटी असलेल्या नमुना-बफरमध्ये उकळलं की डीएसपीचे बंध सुटतात.

७. धुणं आणि गेल

लायसिस बफरनेच चार वेळा, दर वेळी १ मिलिलिटर. तिसऱ्या धुण्यानंतर ट्यूब बदला. प्लॅस्टिकला चिकटलेलं प्रथिन जुन्या ट्यूबबरोबर जातं. आयजीजीच्या रांगेतला फालतू बँड निम्म्या वेळा या एका कृतीने नाहीसा होतो. मीठ वाढवायचंच असेल तर २५० मिलिमोलरपर्यंत, आणि सगळ्या नमुन्यांना सारखं.

शेवटचा द्रव बारीक सुईने पूर्ण ओढा. २ पट नमुना-बफर ४० मायक्रोलिटर, ९५ °से., ५ मिनिटं. ८ टक्क्यांचं गेल. रांगांचा क्रम: इनपुट, आयजीजी, आयपी, न धरलेलं.

अपेक्षित वजनं: ई-कॅडहेरिन सुमारे १२० किलोडाल्टन, अल्फा-कॅटेनिन १०२, बीटा-कॅटेनिन ९२. १३५ च्या आसपास फिकट बँड दिसला तर ते कॅडहेरिनचं न कापलेलं पूर्वरूप. ५० आणि २५ ला जे जाड पट्टे दिसतात ते तुमच्याच अँटीबॉडीचे.

*सावध:* पी-१२० चे प्रकार ९० ते १२० च्या पट्ट्यात येतात, म्हणजे कॅडहेरिन आणि बीटा-कॅटेनिनच्या अंगावरच. ब्लॉटचा एकच पडदा स्ट्रिप करून (आधीची अँटीबॉडी धुवून काढून) तिन्ही बघू नका. आधीच्या अँटीबॉडीचा राहिलेला ठसा नवा बँड म्हणून छापला जातो. नमुना तीन गेलवर वाटून चालवा.

८. ब्लॉट वाचताना

आधी आयजीजीची रांग. तिथे बीटा-कॅटेनिन असेल तर पुढचं वाचायचं नाही, धुण्याकडे परत.

मग कॅडहेरिन स्वतः किती आलं ते. बीटा-कॅटेनिनचा बँड नेहमी ओढलेल्या कॅडहेरिनने भागायचा, इनपुटने नाही. कॅडहेरिन निम्मं आणि बीटाही निम्मं, तर जोडणी बदललेलीच नाही.

मग उलटी आयपी: बीटा-कॅटेनिन ओढा, कॅडहेरिन बघा. इथे आकडे जुळणार नाहीत, आणि ते ठीक आहे. बीटा-कॅटेनिनचा काही वाटा पेशीद्रवात आणि केंद्रकात मोकळा असतो, त्यामुळे टक्केवारी वेगळी येते. दिशा तीच आली पाहिजे.

एमडीए-एमबी-२३१ च्या रांगेत बीटा-कॅटेनिन इनपुटमध्ये दिसावं आणि आयपीत नसावं. हे एक चित्र तपासनिसाचे निम्मे प्रश्न मिटवतं.

आणि हे सगळं करूनही को-आयपी एवढंच सांगते की दोन्ही प्रथिनं एकाच गठ्ठ्यात आहेत. कॅडहेरिन ओढल्यावर अल्फा-कॅटेनिनही येतं, पण ते बीटाच्या खांद्यावर बसून. "थेट बांधणी" हा शब्द शुद्ध केलेल्या प्रथिनांवर प्रयोग केल्याशिवाय लिहू नका.

९. सरकणं: ओरखड्याची चाचणी

जोडणी बदलली, आता पेशी सरकतात का? २४ खणांच्या प्लेटमध्ये पूर्ण भरलेला थर घ्या. वाढ थांबवायला मायटोमायसिन-सी १० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर, २ तास, मग तीनदा धुवा. नाहीतर फट भरली ती विभाजनाने की सरकण्याने, हे सांगता येणार नाही.

२०० मायक्रोलिटरच्या टिपने एकाच दमात, टिप उभी धरून सरळ ओरखडा. सुटलेल्या पेशी धुवून टाका, त्या परत चिकटतात. माध्यमात सीरम १ टक्का. खणाच्या खाली मार्करने आडवी रेघ मारून तीच जागा ०, ६, १२, १८ तासांना टिपा. रुंदी एका ठिकाणी न मोजता फटीचं क्षेत्रफळ मोजा. इमेजजे मध्ये ते होतं.

सकारात्मक नियंत्रण म्हणून एचजीएफ (पेशींना विखुरवणारा वाढघटक) २० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर. एमडीसीके पेशी त्यात एक-दोन दिवसांत सुट्या विखुरतात. मात्र हे विखुरणं बघायला पातळ पेरलेली वेगळी प्लेट ठेवा, भरलेल्या थरात ते झाकलं जातं.

फट लवकर भरली म्हणजे सांधे सुटले असं धरू नका. एमडीसीकेचा थर चादरीसारखा एकत्र सरकतो, आणि त्याला शेजारणीची पकड लागते. कॅडहेरिन कमी केल्यावर फट हळू भरताना दिसली तर ती चूक नसेलही. म्हणून शेवटच्या वेळेला प्लेट फिक्स करा, कॅडहेरिन आणि ॲक्टिन रंगवा, आणि फटीच्या कडेला पेशी एकमेकींना धरून आहेत की एकेकट्या पुढे गेल्या आहेत ते बघा. धुण्याच्या पीबीएसमध्ये कॅल्शियम घालायला इथेही विसरू नका. फिक्स करण्याआधी साध्या पीबीएसने पाच मिनिटं धुतलेल्या प्लेटमध्ये कडेचे सांधे आधीच ढिले पडलेले असतात.